एका बंगळूरकराची बेल्जियमवारी

बंगळूरचा एक सायकलपटू बेल्जियमला जातो, तिथल्या खेड्यापाड्यांतल्या शर्यतींत उतरतो आणि एकही मोठी शर्यत न जिंकता परत येतो. यात पुस्तकभर लिहिण्यासारखे काय आहे, असे वाचकाला वाटले तर त्याचा दोष नाही. खेळाडूचे चरित्र म्हणजे पदकांची यादी, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. नवीन जॉनची गोष्ट त्या यादीत मावत नाही, आणि म्हणूनच ती सांगण्याजोगी आहे, असे मला वाटते.

पदके त्याच्याकडे नाहीत असे नाही. राष्ट्रीय रोड सायकलिंगमध्ये वैयक्तिक टाइम ट्रायलचे, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने धावायच्या शर्यतीचे, विजेतेपद त्याने एकाहून अधिक वेळा मिळवले. ऑक्टोबर 2016 मध्ये दोह्याला भरलेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भारतातर्फे टाइम ट्रायलला दोघे उभे राहिले. एक होता अरविंद पंवार आणि दुसरा नवीन. पुढे एका ऑस्ट्रेलियन कॉन्टिनेंटल संघाने त्याला करारावर घेतले. व्यावसायिक सायकलिंगची उतरंड वाचकाने इथेच लक्षात ठेवावी. सगळ्यात वर वर्ल्ड टूरचे अठराएक संघ, म्हणजे टीव्हीवर टूर द फ्रान्समध्ये दिसतात ते. त्यांच्याखाली प्रो टीम आणि तिसऱ्या पायरीवर कॉन्टिनेंटल संघ. आजवर एकही भारतीय टूर द फ्रान्स धावलेला नाही. आपल्या दृष्टीने ही तिसरी पायरीसुद्धा उंचच.

या पायरीपर्यंतची त्याची वाट नेहमीची नव्हती. भारतातला सायकलपटू साधारणपणे क्रीडा वसतिगृहातून येतो आणि रेल्वे किंवा सेनादलाच्या संघात स्थिरावतो. नोकरी लागली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. बहुतेकांच्या बाबतीत मोठी महत्त्वाकांक्षा तिथेच संपते, आणि त्याबद्दल त्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला काडीचा अधिकार नाही. नवीन आला तो अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून. तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकताना कॉलेजच्या सायकलिंग क्लबात तो ओढला गेला. युरोपातली मुले ज्या वयात व्यावसायिक करारावर सही करतात, त्या वयात हा गडी पहिल्यांदा शर्यतीच्या सायकलवर बसला. मग तो बंगळूरला आला आणि इथल्या संघांतून धावू लागला.

बंगळूरलाच का, हे समजायला रविवारी पहाटे हेब्बाळच्या उड्डाणपुलावर जाऊन उभे राहावे. साडेचारपासून लाल टेललाइट्सची रांग उत्तरेकडे सरकताना दिसते. ही मंडळी नंदी हिल्सकडे निघालेली असतात, शहरापासून साधारण साठ किलोमीटर. डोंगराची उंची 1,478 मीटर, पायथ्यापासून वरपर्यंत आठेक किलोमीटरची चढण. शेवटच्या टप्प्यात वळण संपते तोच पुढचे सुरू होते, आणि रस्त्याच्या कठड्याला टेकून धापा टाकणारे कोणी ना कोणी भेटतेच. वर पोहोचल्यावर पाण्याची बाटली नंतर निघते, आधी निघतो मोबाइल: आज किती मिनिटे लागली, गेल्या वेळेपेक्षा किती सेकंद वाचले, ऑफिसातल्या अमक्याच्या पुढे गेलो की नाही. खाली उतरल्यावर इडली-वडा आणि कॉफी. या घोळक्यात मराठी कानावर पडणे नवलाचे नाही. पुण्याहून, नाशिकहून, सांगलीहून नोकरीसाठी इथे आलेली बरीच मंडळी या रस्त्यावर असतात. पुण्यात सिंहगडावर जो हिशेब चालतो तोच इथे नंदीवर चालतो.

या शहराची हवा सायकलला मानवते. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर असल्याने उन्हाळाही सोसवतो. बऱ्यापैकी पगार घेणारा तरुण वर्ग आहे, त्याला आकडेमोडीची हौस आहे आणि लाखाच्या सायकलचा हप्ता त्याला परवडतो. त्यातूनच बंगळूर बायसिकल चॅम्पियनशिप्ससारख्या हौशी शर्यती उभ्या राहिल्या. त्या शहराबाहेरच्या रस्त्यांवर, पहाटे, स्वयंसेवकांच्या भरवशावर चालतात. 2008 मध्ये ‘टूर ऑफ नीलगिरीज’ सुरू झाली, म्हणजे आठवडाभर चालणारी, म्हैसूर-उटीच्या डोंगरांत फिरवणारी सहल. तीत मसिनगुडीहून उटीला चढणारा कल्हट्टीचा घाट येतो. छत्तीस हेअरपिन वळणे. भलेभले तिथे सायकल हातात धरून चालतात. भारतात रोड सायकलिंग ज्या दोन-चार शहरांत गंभीरपणे घेतले गेले, त्यांत बंगळूरचे नाव वर ठेवावे लागते.

पण नंदीवर सगळ्यांच्या पुढे जाणे म्हणजे शर्यत जिंकणे नव्हे, आणि या पुस्तकाचा खरा विषय तिथे सुरू होतो.

टाइम ट्रायलमध्ये प्रत्येकाला ठरावीक अंतराने एकेकटे सोडतात. समोर फक्त घड्याळ. पायात जोर हवा, अंग हँडलवर आडवे ठेवून तासभर सहन करायची तयारी हवी, आणि सुरुवातीला जोशात सगळे उधळून न टाकण्याची अक्कल हवी. हे सगळे एकट्याने, घरच्या रस्त्यावर, शिस्तीने कमावता येते. इंजिनिअरच्या डोक्याला तर हा प्रकार फारच जमतो: पेडलला वॉटमापक लावायचा, आकडे लिहून काढायचे, दर महिन्याला थोडे वाढवायचे. भारतातली सगळ्यात चांगली रोड कामगिरी टाइम ट्रायलमधून का येते, याचे उत्तर इथे आहे. तरी वरची पातळी किती वर आहे तेही पाहा. दोह्याचे चाळीस किलोमीटर जर्मनीच्या टोनी मार्टिनने 44 मिनिटे 42 सेकंदांत कापले. ताशी 53 किलोमीटरहून अधिक वेग, वाळवंटातल्या उन्हात, एकट्याने.

रोड रेसचे शास्त्र वेगळे. दीडशे जण एकाच वेळी सुटतात. पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिले की वारा तो कापतो आणि मागच्याची ताकद एक तृतीयांशाच्या आसपास वाचते, दाट घोळक्याच्या पोटात त्याहूनही जास्त. म्हणून सगळे एकमेकांना चिकटून धावतात. या घोळक्याला पेलोटॉन म्हणतात. सगळ्यात दमदार माणूस त्यात जिंकेलच असे नसते. दम राखून, योग्य चाकामागे, योग्य क्षणी, योग्य जागी असलेला माणूस जिंकतो. ती जागा म्हणजे पहिल्या वीस-तीस जणांत. तिथे टिकायला कोपराला कोपर लागत असताना ब्रेक न दाबण्याचे धाडस लागते. ते कुठल्याही वॉटमापकावर दिसत नाही आणि एकट्याने सराव करून येत नाही.

हे शिकायचे तर बेल्जियम. देश केवढा? पुणे जिल्हा दुप्पट केला की झाला. पण उत्तरेकडच्या फ्लँडर्स भागात मार्च ते ऑक्टोबर जवळजवळ रोज कुठे ना कुठे शर्यत असते. गावच्या चर्चचा उत्सव म्हणजे केर्मेस, आणि त्याच नावाने या शर्यती ओळखल्या जातात. जत्रेला पाळणे येतात, खाण्याचे ठेले लागतात, आणि दुपारी तीनच्या सुमारास गावाभोवतीचा सात-आठ किलोमीटरचा रस्ता बंद करून त्यावर पंधरा-सोळा फेऱ्यांची शर्यत लावतात. नावनोंदणी चौकातल्या बियरच्या दुकानात. छातीवर नव्हे, पाठीवर नंबर. बक्षीस पहिल्या तिघांनाच नसते, विसाव्या-तिसाव्या क्रमांकापर्यंत थोडेथोडे वाटलेले असते. शिवाय मधल्या एखाद्या फेरीला एखादा खाटीक किंवा बेकरीवाला आपल्या दुकानासमोरून पहिल्या जाणाऱ्याला काही युरो लावतो. हौशी तरुण, उतरतीला लागलेले व्यावसायिक, ऑस्ट्रेलियाहून किंवा अमेरिकेहून नशीब काढायला आलेली पोरे, सगळे एकाच रेषेवर उभे.

बाहेरून आलेल्या बहुतेकांची पहिली शर्यत अर्ध्यातच संपते. कारण दमात नसते, वळणात असते. रस्ता शेतातला, एका ट्रॅक्टरपुरता रुंद. काटकोनात वळतो. कडेला गटार, मध्येच काँक्रीटच्या दोन फरश्यांमध्ये चाकाच्या रुंदीची फट. घोळक्यातले पहिले दहा जण ब्रेकला हात न लावता वळण घेतात. त्यांच्या मागचे किंचित दाबतात, त्यांच्या मागचे जास्त, आणि शंभरावा माणूस जवळजवळ थांबतो. तो सायकल सरळ करून उठेपर्यंत पुढचे निम्म्या रस्त्यावर पोहोचलेले असतात. त्यांना गाठायला त्याला जीव खाऊन स्प्रिंट मारावा लागतो. गाठले की लगेच पुढचे वळण. पेटीच्या भात्यासारखा घोळका ताणला-आवळला जातो, आणि सगळा ताण भात्याच्या शेपटाला बसतो. फेरीला अशी आठ-दहा वळणे, फेऱ्या पंधरा. पुढे बसलेला दुबळा गडी या हिशेबात ताजा राहतो आणि मागे अडकलेला तगडा गडी तासाभरात रिकामा होतो. त्यातच समुद्रावरून आडवा वारा सुटला की घोळका तिरप्या रांगांत फुटतो आणि ज्याला रांगेत जागा मिळाली नाही तो रस्त्याच्या कडेने एकटा वाऱ्याशी झुंजत मागे पडतो. काही मिनिटांनी पंच येऊन त्याचा नंबर काढायला सांगतात.

नवीन जॉनने हे पाहिले, सोसले आणि त्याबद्दल मोकळेपणाने लिहिलेही. भारतीय खेळाडूंत हे दुर्मीळ आहे. आपल्याकडे परदेशवारी झाली की सत्काराचे फलक लागतात, तिथे नेमके काय कमी पडले ते कोणी सांगत नाही. त्याच्या बेल्जियममधल्या हंगामांचे मोल मी त्याच्या राष्ट्रीय विजेतेपदांपेक्षा जास्त मानतो. विजेतेपदे पुढेही येणारच होती, त्याच्याकडे नाही तर दुसऱ्या कोणाकडे. भारतीय सायकलपटूला नेमके काय येत नाही, हे मात्र तिथे जाऊन, त्या वळणांवर मागे पडूनच कळणार होते.

बेल्जियन कारकीर्द कशी घडते त्याचे ठळक उदाहरण अर्थातच एडी मर्क्स. त्याचे विक्रम वाचकाला पुढे सविस्तर भेटतील: पाच टूर द फ्रान्स, पाच जिरो द इटालिया, कारकिर्दीत सव्वापाचशे विजय, 1972 मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर. 1969 च्या टूरमध्ये एकूण विजेत्याची पिवळी जर्सी, गुणांची हिरवी जर्सी आणि घाटांचे विजेतेपद तिन्ही त्याचेच. ‘नरभक्षक’ हे टोपणनाव उगाच पडले नाही. माझे लक्ष मात्र त्याच्या आयुष्यातल्या एका साध्या आकड्यावर अडते. ब्रसेल्सच्या उपनगरातल्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा जुलै 1961 मध्ये, सोळा वर्षे पुरी झाल्यावर महिन्याभराने, पहिली शर्यत धावला आणि सहावा आला. पहिल्या विजयासाठी त्याला 1 ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात डझनभर शर्यती होऊन गेल्या होत्या. पुढच्या वर्षी, 1962 मध्ये, तो 55 शर्यती धावला आणि 23 जिंकला. शाळेचे काय झाले ते सांगायला नको.

पंचावन्न. मर्क्सची फुप्फुसे देवाने दिली, हे खरे. पण सतराव्या वर्षी वर्षाला पंचावन्न शर्यती धावण्याची सोय देवाने दिली नव्हती. ती गावोगावच्या उत्सव समित्यांनी, खाटिकांनी आणि बियरच्या दुकानदारांनी दिली होती. भारतातल्या सतरा वर्षांच्या होतकरू मुलीला किंवा मुलाला वर्षभरात मिळणाऱ्या रोड रेस बोटांवर मोजता येतात. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, एखादी निमंत्रितांची, संपले. कोपराला कोपर लावून वळण घ्यायला ही मुले शिकणार कुठे?

उशिरा सुरुवात केली तर काहीच होत नाही, असेही नाही. रेमको एवनपूल बेल्जियमच्या कुमार संघात फुटबॉल खेळत होता. 2017 मध्ये, सतराव्या वर्षी, सायकलकडे वळला आणि 2018 मध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत रोड रेस आणि टाइम ट्रायल दोन्ही जिंकला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही दोन्ही सुवर्णे त्याचीच. अंगची देणगी अलौकिकच, पण ती पारखायला घराबाहेर पडताच शर्यत हजर होती. गरीब देशातून आलेला माणूसही वर जाऊ शकतो. एरिट्रियाचा बिनियम गिरमाय 2022 मध्ये बेल्जियमच्या संघाकडून धावताना गेंट-वेवेल्गेम ही शर्यत जिंकला, आणि 2024 च्या टूरमध्ये तीन टप्पे जिंकून हिरवी जर्सी घेऊन गेला. एरिट्रियाकडे पैसा नाही, पण इटालियन राजवटीपासून चालत आलेली गावोगावची शर्यतींची सवय आहे. ज्यांना हे सगळे पैशाचे काम वाटते त्यांनी या नावाकडे पुन्हा एकदा पाहावे.

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. सांगली-मिरज-कोल्हापूरच्या पट्ट्यात आणि सीमेपलीकडे जमखंडी, बागलकोट, विजापूरकडे यात्रेत सायकल शर्यती होतात. एक गट साध्या सायकलचा, एक गिअरच्या सायकलचा, रोख बक्षिसे, रस्त्याच्या दुतर्फा गाव. विजापूर-बागलकोटच्या शासकीय क्रीडा वसतिगृहांनी कर्नाटकाला पिढ्यान्‌पिढ्या सायकलपटू दिले, बंगळूरच्या झगमगाटाच्या कितीतरी आधी. कोल्हापूरची सायकलपटू पूजा दानोळे याच मातीतली. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत, आणि कमलाकर झेंडे हे नाव घेतले की पुण्यातल्या जुन्या माणसांचे डोळे आजही चमकतात. म्हणजे केर्मेसचे बी आपल्याकडे पडलेले आहे. त्याला हंगाम मिळाला नाही, नियमितता मिळाली नाही, आणि एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेकडे नेणारी गुणतालिका कोणी केली नाही.

आपण मात्र गेल्या दशकात दुसऱ्याच, लांब पल्ल्याच्या वाटेला लागलो. 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पुरी केली. 2017 मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच जवळपास 4,800 किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा घातली. ही सगळी माणसे मोठी आहेत. त्यांच्यामुळे दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या, ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या ब्रेव्हे आज तालुक्याच्या गावातही लोकांना ठाऊक झाल्या. पण झोपेशी आणि स्वतःशी झगडणे हा एक खेळ आणि समोरच्याला वळणावर मात देणे हा दुसरा. पहिल्याला आपल्या समाजात चटकन मान मिळतो, कदाचित तपाची सवय असल्यामुळे. दुसऱ्यात थोडा बेरकीपणा लागतो, थोडी धक्काबुक्की लागते, आणि ते सभ्य पांढरपेशा सायकलपटूला फारसे रुचत नाही. दुसऱ्याच्या चाकामागे शेवटपर्यंत बसून ऐन वेळी त्याला मागे टाकणे हे आपल्याला अजून ‘फसवणूक’ वाटते. रोड रेसमध्ये त्याला कौशल्य म्हणतात.

या परिस्थितीत जानेवारी 2026 मध्ये पुण्यात ‘पुणे ग्रँड टूर’ झाली, ही मोठी गोष्ट. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या 2.2 दर्जाची, अनेक टप्प्यांची, 437 किलोमीटरची शर्यत, आणि तिच्यासाठी नव्याने केलेले रस्ते. परदेशी संघांचा घोळका आपल्या गावांतून सुसाट जाताना लोकांनी पाहिला. तिचे स्वागत करताना एक गोष्ट मात्र बजावून सांगावीशी वाटते. वर्षातून एकदा येणारी मोठी शर्यत म्हणजे कळस. बेल्जियममध्ये फ्लँडर्सची शर्यत 1913 पासून धावते, आता औदेनार्देला संपते, कोपेनबर्गच्या, काही ठिकाणी 22 टक्के चढ असलेल्या दगडी रस्त्यावर हजारो लोक जमतात. पण तिच्या आगेमागे गावागावांतल्या शेकडो शर्यती नसत्या तर त्या दिवशी बेल्जियनांना केवळ पाहुण्यांना टाळ्या वाजवाव्या लागल्या असत्या.

पुढची पाने वाचताना तांत्रिक भागाला घाबरू नये. गिअरचे दात, वॉट, टायरचा दाब हे सगळे येते, पण ते ओलांडून वाचले तरी गोष्ट कळते. जिला कारकीर्द म्हणतात ती एका माणसाच्या पायांत किती आणि त्याच्या भोवतालच्या गावांत किती, हा प्रश्न मनात ठेवून वाचावे. नवीन जॉनने आपल्या वाट्याचे अर्धे काम पुरे केले, असे माझे मत आहे.

उरलेल्या अर्ध्यासाठी फार पैसा लागत नाही. बंद केलेला सात-आठ किलोमीटरचा रस्ता, दोन तास, एक रुग्णवाहिका, वीस स्वयंसेवक आणि पाच-पंचवीस हजारांची बक्षिसे इतके पुरते. तालुक्यातल्या यात्रा समित्यांनी आणि सायकल क्लबांनी मनावर घेतले तर एका हंगामात प्रत्येक रविवारी कुठे ना कुठे शर्यत लावता येईल. आणि अशा एखाद्या रविवारी तुमच्या वाटेवर पोलिसाने दोरी बांधून गाडी अडवली, तर हॉर्न वाजवू नका, इंजिन बंद करा, खाली उतरा आणि पोरे वळण कसे घेतात ते पाहा.